लग्नाआधी भाषेची परीक्षा

कॅथलिक धर्मसभेच्या संस्कारांची तयारी कशी होते, याची रूपरेषा बहुतेकांना ठाऊक असते: बाळाच्या स्नानसंस्कारापूर्वी, म्हणजे बाप्तिस्म्यापूर्वी, आईवडिलांना आणि धर्ममातापित्यांना त्यांची जबाबदारी समजावून दिली जाते, प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाला बसतात, दृढीकरणाच्या उमेदवारांचे वर्ग वेगळे भरतात आणि लग्न ठरलेल्या जोडप्याला विवाहपूर्व शिबिराबरोबर धर्मगुरूंच्या चौकशीलाही सामोरे जावे लागते. ही सारी तयारी ज्या एका अटीवर उभी आहे ती मात्र क्वचितच तपासली जाते. संस्कार घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे कळले पाहिजे, आणि कळायचे तर ते कोणत्या तरी एका भाषेतच कळणार. ती भाषा कोणाची असावी, धर्मगुरूची की त्याच्यासमोर बसलेल्या माणसाची, या प्रश्नावरून कोकण किनाऱ्यावर दीडशे वर्षे जो झगडा चालला त्याचा शेवट थेट विवाहसंस्कारापर्यंत येऊन ठेपला. आणि नंदुरबारसारख्या, चार कोसांवर बोली बदलणाऱ्या जिल्ह्यात तो प्रश्न अजून निकाली निघालेला दिसत नाही.

झगड्याची सुरुवात ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासून धरावी लागते. या परिषदेचे चोविसावे सत्र 11 नोव्हेंबर 1563 रोजी भरले आणि विवाहाच्या इतिहासात ते एका निर्णयासाठी प्रसिद्ध आहे: धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर न झालेला विवाह यापुढे विवाहच मानला जाणार नाही. त्याच सत्राच्या सुधारणाविषयक ठरावांतील सातवे प्रकरण मात्र सहसा कोणी उद्धृत करीत नाही. संस्कार देण्यापूर्वी त्याचे सामर्थ्य आणि उपयोग लोकांना समजतील अशा रीतीने समजावून सांगावेत, आणि गरज असेल तेथे ते लोकभाषेत सांगावेत, असे बंधन त्यात बिशप आणि धर्मगुरू यांच्यावर घातले आहे. विधीची भाषा लॅटिनच राहिली, तयारीची भाषा लोकांची ठरली, आणि पुढची चारशे वर्षे ही विभागणी कागदावर तरी कायम राहिली.

गोव्यात ती काही काळ कागदाबाहेरही उतरली. आर्चबिशप आलेइश द मेनेझिस यांच्या कारकिर्दीत 1606 साली भरलेल्या पाचव्या प्रांतिक परिषदेने, स्थानिक भाषा शिकल्याशिवाय कोणालाही धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा, प्रमुख नेमू नये असे ठरवले. नेमक्या याच काळात साष्टीत काम करणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1608 मध्ये आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून या प्रदेशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापण्याची परवानगी मागितली. अडचणही त्यांनी स्वतःच मांडली होती: रोमन वर्णमालेला चोवीस साचे पुरतात, तर येथील अक्षरे स्वर आणि व्यंजन मिळून बनत असल्याने सहाशे साचे ओतावे लागतील, पण ती संख्या दोनशेपर्यंत खाली आणता येईल, असा हिशेबही त्यांनी पुढे केला. ते साचे कधी ओतले गेले नाहीत. म्हणूनच 1616 मध्ये रायतूर येथे छापलेले त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत निघाले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये, निघालेली त्यांची कोंकणी ‘दौत्रिन क्रिस्तां’ हीही रोमन लिपीतच आली.

‘क्रिस्तपुराणा’च्या काव्यगुणांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे दुसऱ्या, उपेक्षित पुस्तकाकडे पाहणे योग्य ठरेल. ‘दौत्रिन’ म्हणजे धर्मशिक्षणाचे प्रश्नोत्तररूप पुस्तक. पोर्तुगीज जेझुइट मार्कोस जॉर्ज यांनी मुलांसाठी लिहिलेल्या 1566 च्या पुस्तकाचा आधार त्याला होता. क्रूसाची खूण, श्रद्धेचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, धर्मसभेच्या आज्ञा, पापे आणि संस्कार, म्हणजे आजच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम त्यात आहे. ‘क्रिस्तपुराण’ ऐकून माणूस भारावत असेल. संस्काराला तयार मात्र तो ‘दौत्रिन’च्या घोकंपट्टीने होत असे. मारियानो साल्ढाणा यांनी 1945 मध्ये लिस्बनहून त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली नसती, तर हे पुस्तक ग्रंथसूचीतील एक नोंद होऊन राहिले असते. त्याच परंपरेत दियोगु रिबैरु यांचे धर्मतत्त्वांचे विवरण 1632 मध्ये छापले गेले. मग हा ओघ आटत गेला.

ओघ आटण्याचे कारण आळसात शोधावे की सत्तेत, याबद्दल मतभेद होऊ शकतील, परंतु 27 जून 1684 चा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांचा हुकूम पाहिल्यावर दोन्ही कारणे एकत्र नांदत होती असेच म्हणावे लागते. धर्मगुरूंना स्थानिक भाषा शिकणे जड जात होते. त्यावर उपाय म्हणून लोकांनीच तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे, असे फर्मान निघाले. या हुकुमाची अंमलबजावणी फारशी झाली नाही. तेव्हा 1745 मध्ये आर्चबिशप लोरेन्सो द सांता मारिया यांनी सरकारच्या हाती नसलेले हत्यार उपसले: ज्यांना पोर्तुगीज येत नाही त्यांना विवाहाची परवानगी मिळणार नाही, असा आदेश त्यांनी काढला.

हा आदेश आजवर भाषादडपशाहीचा पुरावा म्हणूनच वाचला गेला आहे, आणि 1858 मध्ये कोंकणीचा इतिहास लिहिणारे कुन्हा रिव्हारा यांच्यापासून ते वाचन रास्तही आहे. परंतु संस्कारशास्त्राच्या अंगाने पाहिले तर तो याहून गंभीर ठरतो. लॅटिन परंपरेत विवाहाचा संस्कार धर्मगुरू देत नाही. वधू आणि वर तो परस्परांना देतात आणि धर्मगुरू धर्मसभेच्या वतीने त्यांची संमती विचारून स्वीकारतो. जे स्वतः संस्कार देणारे आहेत त्यांचीच भाषेची परीक्षा घ्यायची, आणि तीही ज्या सत्राने लोकभाषेत तयारी करून घेण्याचे बंधन घातले त्याच सत्राने बांधून दिलेल्या विवाहविधीच्या उंबरठ्यावर! 1606 मध्ये जी अट पाळकावर होती, ती 1745 मध्ये कळपावर आली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. 1917 च्या धर्मसंहितेने दुभाष्यामार्फत विवाह करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली. धर्मसभेच्या 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक संविधानाने खुद्द विधीतच लोकभाषेला दार उघडले, आणि प्रौढांच्या दीक्षेची टप्प्याटप्प्याने होणारी जुनी तयारी पुन्हा सुरू करण्यास सांगितले. त्याप्रमाणे 1972 मध्ये आलेल्या विधीनुसार दीक्षार्थी आधी धर्मशिक्षणात स्वीकारला जातो, उपवासकाळाच्या आरंभी त्याची निवड होते आणि ईस्टरच्या जागरणरात्री स्नानसंस्कार, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार त्याला एकत्र मिळतात. 1983 च्या संहितेचे कलम 1106 दुभाष्यामार्फत होणारा विवाह मान्य करते, मात्र तो दुभाष्या विश्वासू आहे याची धर्मगुरूला खात्री असावी लागते; कलम 990 पापनिवेदनासाठीही दुभाष्याची सोय ठेवते, आणि ऐकलेले गुप्त राखण्याचे बंधन त्याच्यावरही येते.

ही कलमे पुण्यामुंबईच्या वाचकाला अडगळ वाटतील. नंदुरबार जिल्ह्यात ती तशी वाटू नयेत. 1998 मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. घराघरांत भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलल्या जातात. अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असलेल्या नवापूर स्थानकावर घोषणा चार भाषांत होतात, आणि त्या चारांत मावची नाही. येथील ख्रिस्ती समाजावर प्रॉटेस्टंट मिशनांचा ठसा अधिक गडद आहे. कॅथलिक मात्र पुणे धर्मप्रांतातून 15 मे 1987 रोजी स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात मोडतात, आणि या धर्मप्रांताची उपासना प्रामुख्याने मराठीत चालते. लॅटिनची जागा मराठीने घेतली हा मराठी माणसाला निखळ विजय वाटणे साहजिक आहे. अक्राणीच्या डोंगरात पावरी बोलत वाढलेल्या मुलासाठी मात्र मराठी ही शाळेत शिकलेली भाषा आहे, आणि पापनिवेदन शाळेच्या भाषेत करणे कोणालाही अवघडच जाईल.

या अंतरावर पूल बांधण्याचे काम संहितेच्या 785व्या कलमात वर्णिलेल्या धर्मशिक्षकाकडे येते. तो धर्मगुरू नसतो, प्रापंचिक असतो, आणि गावच्या बोलीतला असला तर दुभाष्याचे कामही आपसूक त्याच्याकडेच जाते. परप्रांतात सेवेला जाणाऱ्या धर्मगुरूने तेथील भाषा शिकावी, असे कलम 257 सांगते, म्हणजे 1606 ची अट सौम्य रूपात जिवंत आहे. तिचा नंदुरबारपुरता अर्थ मराठी असा घ्यायचा की पावरी आणि मावचीही त्यात धरायच्या, हे ठरवणे संहितेने स्थानिक धर्मसभेवर सोडले आहे.