विश्लेषण : १६ स्क्रीन, एकच चित्र… ‘व्हिडिओ वॉल’ जुळवणे इतके अवघड का?

वाहतूक नियंत्रण कक्षातील भिंतभर पडदा दुरून एकसंध दिसतो. प्रत्यक्षात तो अनेक स्क्रीन जोडून केलेला असतो. नेमक्या जोडावर एखाद्या वाहनाच्या क्रमांकातील आकडा आला तर?

जोडावर काय हरवते?

५५ इंची फुल एचडी स्क्रीनवर एक पिक्सेल साधारण ०.६३ मिलिमीटरचा असतो. दोन स्क्रीनमध्ये ३.५ मिलिमीटरची पट्टी राहिली, तर ती पाच-सहा पिक्सेलची जागा खाते. पट्टीमागचा भाग वगळला तर रस्ता सरळ दिसतो. खिडकीच्या गजांमागचे दृश्य झाकले जावे तसे. पण बारीक अक्षर, आकडा त्यात गडप होतो. काहीच वगळले नाही तर सगळे दिसते. मात्र तिरकी रेषा जोडावर तुटते. म्हणून दृश्यांसाठी पहिली पद्धत बरी, तर तक्ते व आकड्यांसाठी दुसरी. त्याहून सोपा उपाय म्हणजे महत्त्वाचा कॅमेरा एकाच स्क्रीनच्या चौकटीत बसवणे.

एक केबल का पुरत नाही?

चार बाय चार अशा १६ फुल एचडी स्क्रीनचे मिळून ७६८० × ४३२०, म्हणजे सुमारे ३ कोटी ३२ लाख पिक्सेल होतात. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर जवळपास ४८ गिगाबिट माहिती लागते. एचडीएमआय २.० ची कमाल क्षमता १८ गिगाबिट आहे. त्यामुळे कंट्रोलर चित्राचे तुकडे करून ते वेगवेगळ्या केबलने पाठवतो. सर्व स्क्रीनवर चित्र एकाच क्षणी बदलले नाही, तर धावती गाडी जोडावर दुभंगलेली दिसते.

रंग का जुळत नाहीत?

एकाच मॉडेलच्या दोन स्क्रीनमध्येही थोडा फरक असतो. वापरानुसार बॅकलाइट मंदावतो. बिघडलेला एक स्क्रीन बदलला की नवा लगेच डोळ्यांत भरतो. मग उपकरणाने रंग मोजून उजळ स्क्रीन इतरांच्या पातळीवर आणावे लागतात.

एलईडी हा उपाय आहे का?

एलईडी पॅनेलला काळी पट्टी नसते. पण ‘पी २.५’ म्हणजे दोन पिक्सेलमध्ये अडीच मिलिमीटर अंतर. ढोबळ नियमानुसार तो किमान अडीच मीटरवरून पाहावा. जवळ बसणाऱ्यांना कमी अंतराचा, म्हणजेच महाग पॅनेल लागतो. शिवाय बसवताना किंचित चूक झाली तरी जोडावर काळी किंवा उजळ रेघ उमटते.

थोडक्यात, पडदा किती मोठा यापेक्षा त्यावर काय वाचायचे आणि किती अंतरावरून, हे आधी ठरवायला हवे.