चोवीस व्होल्टचा हुकूम : कटिंग मशीनची मोटर काय ऐकते?

सोलापूरचा टॉवेल असो की मालेगावची लुंगी, माल मापात कापला नाही तर व्यापारी गाठोडे परत पाठवतो. म्हणून अनेक कारखानदार सर्व्हो मोटरचे कटिंग मशीन घेण्याचा विचार करतात. या मोटरवर कंट्रोलर नावाचा मुनीम बसलेला असतो. त्याला हुकूम कसा द्यायचा, हे मालकाला मालूम असावे. विकणारे नेटवर्क, संगणक, रंगीत स्क्रीन असे मोठे शब्द ऐकवतात. चार-सहा मापांचा माल कापणाऱ्याला त्याची गरज नाही. त्याचे काम डिजिटल इनपुटवर भागते.

डॉबी चालवणाऱ्या कारागिराला ही गोष्ट लगेच समजेल. पट्टीत पेग असेल तर फ्रेम उचलते, नसेल तर खाली राहते. लिऑनच्या जॅकार्डने १८०४ मध्ये काढलेल्या मागातही पत्त्याला भोक आहे की नाही, एवढाच सवाल होता. इथे पेगच्या जागी तार आहे. तारेवर १५ ते ३० व्होल्ट डी.सी. आले तर कंट्रोलर 'आहे' समजतो, ५ च्या खाली 'नाही'. मधल्या व्होल्टेजचा भरवसा नाही, म्हणून २४ व्होल्टचा सप्लाय हलका घेऊ नये.

तीन तारांची किंमत १, २ आणि ४ धरा. पहिली व तिसरी चालू केली की पाच क्रमांक झाला. सगळ्या बंद म्हणजे शून्य, सगळ्या चालू म्हणजे सात. एकूण आठ खाने. प्रत्येक खान्यात एक लांबी व वेग आधीच भरून ठेवायचा. चौथी तार जोडली की सोळा खाने होतात. याशिवाय 'सुरू' करण्याची एक वेगळी तार असते, आणि खरी गोम तिच्यातच आहे.

समजा, तीनवरून चारवर जायचे आहे. पहिल्या दोन तारा बंद आणि तिसरी चालू, असे तिन्ही बदल होतात. रिलेचे कॉन्टॅक्ट एकाच क्षणी हलत नाहीत. त्या काही मिलिसेकंदांत कंट्रोलरला शून्य दिसेल किंवा सातही दिसेल. त्याच वेळी 'सुरू'चा हुकूम गेला तर टॉवेलऐवजी चादरीचे माप निघते. म्हणून आधी क्रमांक, मग थोडी उसंत, मग 'सुरू'. मोटर जागेवर पोहोचली की कंट्रोलर उलट निरोप देतो. तो आल्याशिवाय सुरी खाली येता कामा नये. कापड ओढले जात असताना वीज गेली तर परत आल्यावर पहिला तुकडा बाजूला काढा. अर्धे कापड आधीच ओढलेले असते, वर पूर्ण माप ओढले जाते.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे आपला वायरमन मीटर लावून दोष शोधू शकतो. कोणती तार मेली हे दिव्यावरूनही दिसते. बाहेरगावच्या इंजिनिअरची वाट पाहत मशीन बंद राहत नाही. मात्र प्रत्येक ऑर्डरला नवे माप असेल तर खाने अपुरे पडतात. तिथे मॉडबससारखी जोडणीच बरी.

सुरीजवळ हात घालणाऱ्या कामगाराचा विचार आधी करावा. थांबण्याचे बटण नेहमी बंद कॉन्टॅक्टचे असावे, म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबते. आणीबाणीचे लाल बटण तर केवळ इनपुटवर सोडूच नये. त्याने मोटरची ताकदच तोडली पाहिजे, सुरीचीसुद्धा. काही विक्रेते इथे दोन-चार हजार वाचवतात. तसे मशीन फुकट मिळाले तरी घेऊ नये.

बयाणा देण्यापूर्वी तीन कागद मागा : कोणत्या इनपुटला कोणता हुकूम, कोणत्या खान्यात कोणते माप, आणि सेटिंगचा पासवर्ड. सेन्सर पीएनपी आहेत की एनपीएन, हेही त्यावर लिहून घ्या. बाजारातून चुकीचा सेन्सर आणला तर तो जोडूनही कंट्रोलर गप्प बसतो, आणि वायरमन दिवसभर तारा तपासत राहतो.