जुन्या गाडीमागें फिरतें बिऱ्हाड

अमेरिकेंत सुटीसाठीं सहकुटुंब निघतांना जुन्या एसयूव्हीमागें कॅम्पर, म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाड, जोडतात. घाट लागला कीं गाडी धापा टाकते आणि यजमान इंजिनाला बोल लावतात. पण दोष बहुधा विरळ हवेचा! कोलोरॅडोंतील आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच. तेथें टर्बो नसलेलें इंजिन जवळजवळ तृतीयांश जोर गमावतें. अशा वेळीं महागड्या एअर फिल्टरपेक्षां आंसांतील दांतेरी चक्रांचें प्रमाण ३.५५ वरून ४.१० करावें; चाकांची ओढ सुमारें १५ टक्के वाढते. (पेट्रोल थोडें अधिक जाईल, तें जावो.) चारी चाकें इंजिनावर चालत असल्यास दोन्ही आंस बदलणें प्राप्तच. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाला निराळा कूलर मात्र आधीं हवा. उतारावर, मुलेंबाळें आंत असतांना, खरी मदार कॅम्परच्या स्वतःच्या ब्रेकांवर. आणि कारखान्यानें घातलेली वजनाची मर्यादा यांपैकीं कोणत्याहि उपायानें वाढत नाहीं.