रिकॉलची बातमी धारणीपर्यंत पोचते का?

लेखमाला : गाडी, रस्ता आणि कायदा – भाग ९

मागच्या भागात फिटनेस सर्टिफिकेटबद्दल लिहिलं होतं. ते वाचून मेळघाटातल्या धारणीच्या एका व्हॅनवाल्या दादांनी फोन केला. त्यांची गाडी तिसऱ्या हाताची. प्रश्न सरळ होता, "कंपनी गाड्या वापस बोलावते म्हणते पेपरात. आपली गाडी त्यात हाय का नाई, हे आपल्याले कोन सांगन?" आजचा भाग या प्रश्नासाठीच ठेवला आहे, कारण मेळघाटात त्याचं उत्तर 'कोणीच नाही' असं येण्याचा धोका मोठा आहे.

ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांत कारखान्याचाच दोष निघाला, तर कंपनीनं त्या बोलावून स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून देणं, याला रिकॉल म्हणतात. नोव्हेंबर २०२० मध्ये मारुतीनं ४०,४५३ ईको व्हॅन बोलावल्या. त्या ४ नोव्हेंबर २०१९ ते २५ फेब्रुवारी २०२० या काळात बनलेल्या होत्या आणि हेडलॅम्पवरचं प्रमाणचिन्ह राहून गेल्याची शंका होती. महिंद्रानं २०२१ मध्ये २९,८७८ पिकअप बोलावल्या, एका फ्लुइड पाइपच्या जोडणीसाठी. जुलै २०२३ मध्ये ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईकोंची पाळी आली, कारण स्टिअरिंगचा टाय रॉड. ईको आणि पिकअप म्हणजे धारणीच्या बाजारात माल उतरवणाऱ्या, हरिसाल-बैरागडकडे माणसं नेणाऱ्या गाड्या. रिकॉल हा शहरातल्या महागड्या मोटारींचा विषय आहे, असं समजून चालणार नाही.

सगळ्यात फसवा दोष विजेचा. ब्रेक कमी लागला तर पायाला कळतं, स्टिअरिंग ओढलं तर हाताला कळतं. वायर आतल्या आत घासत असते तेव्हा ड्रायव्हरला काहीच जाणवत नाही. बॅटरी १२ व्होल्टची, तिचा झटका बसत नाही, म्हणून तिची कोणाला भीतीही वाटत नाही. पण तार तापते ती तिच्यातून वाहणाऱ्या करंटनं. स्टार्टर फिरवायला बॅटरीला शेकडो अँपिअर द्यावे लागतात. तेवढाच करंट उघडी पडलेली जाड वायर बॉडीला टेकली की तिच्यातून धावतो. तार लालभडक होते, वरचं प्लास्टिक पेट घेतं, आणि इंधनाची नळी काही लांब नसते.

हे कसं घडतं ते जवळून पाहता येतं. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की खाचाखाचांच्या काळ्या नळीतून गेलेली वायरिंग दिसते. जागोजागी क्लिपा तिला पत्र्यापासून दूर धरून ठेवतात. एखादी क्लिप निघाली, किंवा कारखान्यातच वायरिंग चुकीच्या बाजूनं ओढली गेली, की ती कुठल्या तरी धारदार कडेला टेकते. मग इंजिनची थरथर कानशीसारखी काम करते. आधी नळीवर पांढरट चट्टा उठतो, मग चीर पडते, मग आतल्या वायरीचं आवरण झिजतं आणि तांबं उघडं पडतं. पावसाळ्यात रपट्यावरचं पाणी त्यावर उडत राहिलं की तार हिरवी पडते आणि सांधा तापू लागतो. सेमाडोहच्या घाटातली वळणं आणि आतल्या गावांचे रस्ते पाहता ही घासाघीस इथे शहरातल्यापेक्षा लवकर होणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

असाच दोष आपल्या राज्यात बनलेल्या गाडीत निघाला होता. चाकणच्या कारखान्यातून ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बाहेर पडलेल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्या महिंद्रानं ऑगस्ट २०२३ मध्ये तपासणीला बोलावल्या. इंजिनजवळची वायरिंग घासून कापली जाण्याची शक्यता होती.

व्हॅनचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे. फोर्डच्या अनेक गाड्यांत वेग आपोआप कायम ठेवणारी यंत्रणा होती. ब्रेक दाबला की ती बंद करणारा एक लहानसा स्विच ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चाले. तेल एका बाजूला, विजेचे संपर्क दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पातळ पडदा, अशी त्याची रचना. वर्षानुवर्षांच्या दाबानं पडद्याला चिरा गेल्या, तेल विजेच्या बाजूला झिरपलं, गंज चढला आणि स्विच तापू लागला. त्यातही वाईट असं की किल्ली काढल्यावरही त्या स्विचमध्ये वीज असे. त्यामुळे घरापुढे उभ्या गाड्या रात्रीतून पेटल्या. पहिला रिकॉल १९९९ मध्ये झाला, पण तो मोजक्याच मॉडेलांचा. मग एकामागून एक मॉडेलं त्यात येत गेली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये सुमारे ४५ लाख गाड्या एकदम बोलावल्या गेल्या. सुतार, प्लंबर, कुरियरवाले वापरतात ती इकोनोलाइन व्हॅनही त्यांत होती. एवढ्या मोठ्या प्रकरणावर इलाज काय होता? फ्यूज बसवलेला वायरीचा एक छोटा तुकडा, त्या स्विचच्या वाटेत जोडलेला.

आपल्या गाड्यांत कारखान्यानंच दिलेला असा फ्यूज आपण हातानं काढून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं. हेडलाइटचा बल्ब ६० वॅटचा धरला तर एकाला ५ अँपिअर लागतात, दोघांना १०. कारखान्यानं वायर आणि फ्यूज त्या हिशेबानं दिलेले असतात. जंगलातल्या रस्त्यावर उजेड कमी पडतो म्हणून १०० वॅटचे बल्ब लावले की दोघांना मिळून १७ अँपिअरच्या आसपास लागतात. फ्यूज उडतो, आणि मग त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळली जाते. यानंतर शॉर्ट झाला तर फ्यूजऐवजी वायर जळते. शिवाय जोडतोड केलेल्या वायरिंगमध्ये कारखान्याचा दोष कोणता आणि आपला कोणता, हा वाद कंपनी घालू शकते.

कायद्याकडे येऊ. भारतात रिकॉल बरीच वर्षं कंपनीच्या मर्जीवर होता. २०१० मध्ये मुंबईत नवी कोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना पेटली. त्यानंतर टाटांनी एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून दिलं, पण त्याला रिकॉल म्हणायला नकार दिला. वाहन उद्योगाच्या 'सियाम' संघटनेची ऐच्छिक संहिता २०१२ मध्ये आली. मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ २०१९ च्या दुरुस्तीनं घातलं गेलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार रिकॉलचा हुकूम देऊ शकतं आणि १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड करू शकतं. कंपनीनं दोष आपणहून कळवून गाड्या बोलावल्या तर दंड नाही. तक्रार गाडीमालकाला 'वाहन' पोर्टलवर नोंदवता येते.

आता त्या दादांचा प्रश्न. रिकॉल चेसिस नंबरावर ठरतो, पण कळवलं जातं ते नोंदीतल्या मालकाला. गाडी अमरावतीत एकानं घेतली, परतवाड्यात दुसऱ्याला विकली, तिथून ती धारणीत आली आणि कागद अजून पहिल्याच्या नावावर असले, तर फोन त्यालाच जाणार. तो म्हणेल, गाडी तर मी केव्हाच विकली. गाडी विकल्यावर १४ दिवसांत विकणाऱ्यानं आणि ३० दिवसांत घेणाऱ्यानं आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. नाव चढवायचं राहिलं की चलनाचा आणि इन्शुरन्सचा घोळ होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. रिकॉलची सूचनाही त्याच वाटेवर हरवते.

नाव चढेपर्यंत थांबायचंही कारण नाही. आरसी बुकावरचा चेसिस नंबर घ्या. मारुती ईकोचा 'एमए३' नं सुरू होतो आणि पुढे १४ अक्षरं-अंक असतात. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही ते समजतं. रेंज नसेल तर नंबरचा फोटो तालुक्याला जाणाऱ्याजवळ द्या. कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोनवर विचारता येतं. रिकॉलच्या कामाचे पैसे द्यायचे नसतात, गाडी कितव्याही हाताची असो.

दोन गोष्टी मात्र मालकाच्या हातात नाहीत. सरकारी हुकमाचा रिकॉल सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू आहे. शहरात वापरून झालेली गाडी धारणीत पोचते तोवर तिची बरीच वर्षं संपलेली असतात. दुसरी गोष्ट अंतराची. फुकट दुरुस्तीसाठी अमरावतीला जायचं म्हणजे घाट उतरून जवळपास १५० किलोमीटर जाणं, तितकंच येणं, डिझेल आणि दिवसभराचा धंदा बुडणं. ज्याचं घर त्याच गाडीवर चालतं तो 'पुढच्या महिन्यात पाहू' म्हणणार.

म्हणून माझं परिवहन खात्याकडे एक मागणं आहे. प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावाच लागतो. गाडी निरीक्षकापुढे उभी असते आणि चेसिस नंबर त्याच्या डोळ्यांसमोर असतो. ब्रेक, दिवे, वायपर तपासताना तो नंबर रिकॉलच्या यादीशी ताडून पाहायला दोन मिनिटं लागतील, आणि राहिलेलं काम मालकाला तिथेच लेखी कळवता येईल. कंपन्यांनीही सुटे भाग आणि मेकॅनिक घेऊन धारणीत शिबिर लावावं. आश्रमशाळेची पोरं आणि बाळंतपणाला उपजिल्हा रुग्णालयात निघालेल्या बाया याच गाड्यांत बसतात.