शेगडींतील राखेचा हिशेब

गेल्या हिंवाळ्यांत आम्ही अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यांत चिरंजिवांकडे होतों. तेथें पारा कित्येक दिवस शून्याखालींच असतो. घरांत ऊब राखणें ही तेथें चैन नव्हे, गृहस्थाची पहिली गरज होय. चिरंजिवांची शेगडी ‘पेलेट’वर चालते. पेलेट म्हणजे लांकडाचा कोरडा भुसा दाबून केलेल्या, सुमारें ६ मिलिमीटर जाडीच्या आखूड कांड्या. त्यांत बहुधा डिंक घालावा लागत नाहीं. दाबाच्या उष्णतेनें लांकडांतील लिग्निन मऊ होतें व तेंच भुसा सांधतें. शेगडींतला मळसूत्री दांडा या कांड्या थोड्याथोड्या ज्वलनपात्रांत सोडतो आणि विजेचा पंखा त्यांस वारा पुरवितो.

जानेवारींतील एका रात्रीं ही शेगडी आपोआप विझली. पहांटे नातू कुडकुडत आमच्या पांघरुणांत शिरला. “बाबा, हा स्टोव्हच आतां बदलायला हवा,” चिरंजीव म्हणाले. सूनबाईंनीं मात्र ज्वलनपात्रांतून राखेचा एक घट्ट खडा काढून दाखविला. हवेचीं छिद्रें त्यानेंच बुजलीं होतीं. त्या वर्षीं चिरंजिवांनीं स्वस्त म्हणून हलक्या प्रतीच्या दोन टन कांड्या भरल्या होत्या. मग दोष शेगडीचा कीं जळणाचा?

न्यायशास्त्रांतील अन्वयव्यतिरेकाची रीत आम्हीं येथें लाविली. शेगडी तीच ठेविली व जळण तेवढें बदललें. घरची हलकी प्रत, ओक-मेपलसारख्या कठीण लांकडाची उत्तम प्रत, आणि स्प्रूस-पाइनसारख्या मऊ लांकडाची उत्तम प्रत, अशीं प्रत्येकीं पांच पोतीं जाळलीं. प्रत्येक वेळीं आधीं शेगडी झाडली व शेवटीं राख तोलली. तराजू नातवाच्या हातीं होता.

आमची समजूत अशी कीं, कठीण लांकूड अधिक ऊब देईल. बाभळीचा ओंडका आंब्याच्या ओंडक्याहून जास्त वेळ जळतो, हें कोणास ठाऊक नाहीं? परंतु तो भेद घनतेचा आहे. यंत्रांत दाबल्यावर दोन्ही भुसे जवळजवळ सारखेच घन होतात. वजनास वजन घेतल्यास मऊ लांकूड राळेमुळें किंचित् अधिकच उष्णता देतें. घरांतील उबेंत आम्हांस कांहीं फरक जाणवला नाहीं.

खरा फरक राखेंत दिसला. हलक्या प्रतीची राख दोन्ही उत्तम प्रतींच्या दुपटीहून अधिक भरली. तेथील ‘पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूट’च्या प्रमाणाप्रमाणें ‘प्रीमियम’ प्रतींत राख फार तर १ टक्का व ‘स्टँडर्ड’ प्रतींत २ टक्के चालते. ४० पौंडांचीं ५० पोतीं म्हणजे तेथील एक टन. म्हणजे टनामागें एकींत २० पौंड, तर दुसरींत ४० पौंडांपर्यंत राख. झाडाची साल व तिला चिकटलेली माती भुशांत मिसळली कीं राख वाढते, आणि तीच प्रखर आंचेंत वितळून खडा धरते.

टक्क्याच्या या भेदानें उष्णता फारशी घटत नाहीं. वाढतात ते श्रम. ती राख रोज पहांटे उपसत होतें कोण? सूनबाई. पोत्यामागें वांचलेले पैसे त्यांच्या हातांनीं व झोपेनें फेडले जात होते, आणि हिशेबाच्या वहींत तो रकाना कोणीं आंखलाच नव्हता. चिरंजिवांनीं हें ऐकून घेतलें. शेगडी तीच राहिली, जळण बदललें, आणि राख काढण्याची पाळी त्यांनीं स्वतःकडे घेतली.

ज्यांचीं मुलें अशा थंड मुलुखांत आहेत त्यांनीं त्यांस एवढें अवश्य कळवावें: टनभर घेण्याआधीं चार पोतीं जाळून राख तोलावी, पोत्याच्या तळाशीं भुकटी फार असल्यास तो माल घेऊं नये, पोतीं ओलीपासून जपावीं, कारण पाणी लागतांच कांडीचा पुन्हां भुसा होतो. मोकळ्या कांड्यांचा मोठा सांठा बंद खोलींत करूं नये; त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु निघतो. आणि वीज गेल्यास ही शेगडी थांबते, म्हणून ऊब मिळण्याची दुसरी सोय घरांत असावीच.