६४ किलोबाइटांतली गोष्ट

जपानी काताकाना लिपीत मूळ अक्षरं ४६. त्यांतली फक्त २० घ्यायची आणि तेवढ्यांतूनच राक्षसांची, गावांची नावं घडवायची, असा दंडक खेळाचे रचनाकार युजी होरिई यांना पत्करावा लागला. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजमध्ये जागाच होती ६४ किलोबाइट. चित्रं, संगीत, नकाशा, लढाया आणि अख्खी गोष्ट, सगळं त्यातच.

होरिई पिंडाने लेखक. वासेदा विद्यापीठात साहित्य शिकलेले, मासिकांत लिहिणारे. १९८३ मध्ये ते आणि तरुण प्रोग्रॅमर कोइची नाकामुरा अमेरिकेत गेले, तिथे ‘विझर्ड्री’ पाहिला आणि दोघंही त्याच्या नादी लागले. पण तो संगणकावरचा, मुरलेल्यांचा खेळ. घरच्या टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम यंत्रावर खेळणाऱ्या पोराकडे कीबोर्ड कुठला? दोन-चार बटणं आणि दिशेची कळ. त्याला हे शिकवणार कोण?

अर्धं उत्तर होरिईंना स्वतःच्याच कामात सापडलं होतं. त्यांच्या ‘पोर्टोपिया’ या रहस्यखेळात आधी हुकूम टाइप करावा लागे. नेमका शब्द सुचला नाही की तपास ठप्प. पुढे त्यांनी टाइप करणंच काढून टाकलं आणि पडद्यावर यादी दिली: बोल, शोध, घे. हवं ते निवडा.

उरलेलं अर्धं उत्तर ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या रूपाने २७ मे १९८६ रोजी बाजारात आलं. खेळ सुरू होतो तो राजाच्या दालनात, आणि दाराला कुलूप. समोर तीन पेट्या. एकीत सोनं, एकीत मशाल, एकीत किल्ली. राजाशी बोला, पेट्या उघडा, कुलूप काढा, जिना उतरा. बाहेर पडेपर्यंत पोर खेळायला शिकलेलं असतं, आणि आपण शिकलो हे त्याच्या गावीही नसतं! मला तर ही कथालेखनातली थोर सुरुवात वाटते. बाहेर पाऊल टाकावं तर पाण्यापलीकडे, ज्याला शेवटी हरवायचं त्या ड्रॅगनराजाचा किल्ला दिसतो. शेवट पहिल्याच पडद्यावर उभा, हाकेच्या अंतरावर. जायला वाट मात्र नाही. ती शोधण्यातच सगळा खेळ.

गावकरी एखाद-दुसरं वाक्य बोलतात. कुणी अफवा सांगतो, कुणी वाट. ते तुकडे जुळवायचे खेळणाऱ्याने. नायक स्वतः एक शब्द बोलत नाही. जागेची चणचण होतीच, पण होरिईंना त्या चणचणीत खरी गोम सापडली असं मी मानतो: नायकाच्या तोंडी शब्द घातले नाहीत, तर तिथे खेळणारा स्वतः बोलू लागतो. पुढच्या खेळांना आवाज मिळाले, सिनेमासारखे प्रसंग मिळाले, तरी त्यांच्या मुख्य मालिकेतला नायक सहसा मुकाच राहिला.

या मुकेपणाचं बळ कळतं ते किल्ल्यात पोचल्यावर. ड्रॅगनराजा लढण्याआधी विचारतो, माझ्या बाजूला ये, अर्धं जग तुला देतो, येतोस? पडद्यावर दोनच पर्याय, हो आणि नाही. एवढा वेळ गप्प असलेल्या नायकाच्या वतीने आता पोरालाच बोलायचं असतं. ‘हो’ म्हणून पाहायचा मोह आवरत नाही, आणि ‘हो’ म्हटलं की खेळ तिथेच संपतो.