दोषांची उघडी नोंदवही

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी जी आज्ञांची मालिका लिहावी लागते तिला आज्ञावली, किंवा रूढ शब्दात सॉफ्टवेअर, असे म्हणतात. मोठ्या आज्ञावलीच्या ओळी लक्षावधी असतात व त्या अनेक माणसांनी लिहिलेल्या असतात. अशा लेखनात चुका राहावयाच्याच. म्हणून वापरास देण्यापूर्वी तिची चाचणी घेतात. मात्र चाचणीने दोष आहेत एवढेच कळते. ते मुळीच नाहीत असे सिद्ध होत नाही, हा मुद्दा डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी आग्रहाने मांडला होता.

सापडलेल्या प्रत्येक दोषाची नोंद करावी लागते. कोणती कृती केली, काय घडणे अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले आणि आज्ञावलीची आवृत्ती कोणती होती, या चार गोष्टी चांगल्या नोंदीत असतात. पुढे तिच्यात दुरुस्ती कोणाकडे सोपविली व ती कुठवर आली, हेही लिहिले जाते. दुरुस्ती झाली एवढ्याने नोंद मिटत नाही. फेरचाचणीत दोष पुन्हा दिसला नाही, तरच ती मिटते. या यादीच्या जोडीला चाचण्यांचा तक्ता असतो. उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि अद्याप न घेतलेल्या, असे चाचण्यांचे तीन वर्ग त्यात दाखवितात. यांपैकी तिसरा वर्ग विसरला, की अपुरे काम पूर्ण झाल्याचा भास होतो.

हे कागद चाचणी घेणाऱ्यांच्याच कपाटात राहिले तर काय होते? एकाच दोषाची लक्षणे निरनिराळ्या ठिकाणी दिसतात आणि प्रत्येक जण आपल्यापुढची घटना एकटी समजून सोडून देतो. थेरॅक–२५ या किरणोपचार यंत्राचा इतिहास याचे दुःखद उदाहरण होय. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा या देशांत या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली. त्यांतील काहींचा मृत्यू झाला. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे अपघात घडला, तेव्हा पडद्यावर ‘मॅलफंक्शन ५४’ एवढीच सूचना उमटली होती. अशा अन्य अपघातांची माहिती नाही, असे त्या वेळी रुग्णालयास सांगण्यात आल्याचे नमूद आहे. वस्तुतः आधीच्या वर्षी इतरत्र अपघात होऊन गेले होते. एप्रिलमध्ये तेथेच दुसरा रुग्ण बळी पडला. तेव्हा रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने व यंत्रचालिकेने तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडवून पाहिला. भरलेली माहिती चालिकेने फार झपाट्याने दुरुस्त केली, तर यंत्राची प्रत्यक्ष मांडणी त्या दुरुस्तीप्रमाणे बदलत नाही, असे त्यातून उघड झाले.

अपघातांचे कारण केवळ माहितीचा अभाव हे नव्हते. पूर्वीच्या थेरॅक–२० यंत्रातील आज्ञावलीतही हा दोष होता; पण तेथे स्वतंत्र यांत्रिक अटकाव असल्याने इजा होत नसे, आणि दोषही लपून राहिला. नव्या यंत्रात ते अटकाव काढून सारी भिस्त आज्ञावलीवर ठेवली होती. तथापि सर्व घटनांची एकच यादी सर्वांपुढे असती, तर दुसऱ्या रुग्णालयातील घटना पहिलीशी ताडून पाहता आली असती.

उघडेपणाचा मार्ग ज्यांनी स्वीकारला, त्यांत डेबियन या मुक्त आज्ञावली-प्रकल्पाचे नाव घ्यावे लागेल. दोष लपविणार नाही आणि दोषांची संपूर्ण यादी सर्वांस पाहण्यास खुली राहील, असे वचन या प्रकल्पाने १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात दिले.

या रीतीलाही दोन पथ्ये आहेत. ज्या दोषाचा घुसखोरास उपयोग होईल त्याचा तपशील, दुरुस्ती हाती येईपर्यंत, मोजक्या माणसांपुरता ठेवणे बहुधा इष्ट ठरते. दुसरे असे, की दोषांच्या संख्येवरून माणसाची लायकी ठरवू नये. तसे केल्यास नोंदी कमी होतात, दोष मात्र तितकेच राहतात. यादी लांब आहे म्हणून काम वाईट ठरत नाही. काय बिघडले आहे आणि काय अद्याप तपासलेले नाही हे सर्वांना ठाऊक असले, म्हणजेच आज्ञावली वापरास द्यावी की थांबावे, याचा निर्णय डोळसपणे घेता येतो.